हवेचा हिशेब : कूलर, एसी आणि गिझर बसविणाऱ्या कारागिरांसाठी

फेब्रुवारी सरत आला की सांगली, मिरज, तासगाव, फलटण, कराड या गावांतल्या फ्रीज-एसी दुरुस्तीच्या दुकानांतले फोन वाजू लागतात. तक्रार बहुधा एकाच वाक्याची असते : "मशीन चालू आहे, पण गार होत नाही." कारागीर जातो, गेज लावतो, "गॅस कमी झालाय" म्हणतो, गॅस भरतो आणि पैसे घेऊन निघतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच फोन. गिऱ्हाईक म्हणते, "अहो मिस्त्री, आत्ताच तर गॅस भरला की!" यापुढे ते घर त्या कारागिराचे राहत नाही. शेजारची दोन घरेही जातात.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या तरुणांनी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. हवा थंड किंवा गरम करणे हे यंत्राचे काम आहे. ती माणसापर्यंत पोहोचविणे आणि वापरलेली हवा परत नेणे हे वाटेचे काम आहे. वाट तुंबली तर उत्तम यंत्रही नापास होते, आणि घरोघरच्या पुष्कळशा तक्रारी या वाटेच्याच असतात. त्या शोधण्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. एक मोजपट्टी, दोन थर्मामीटर आणि एक अगरबत्ती एवढे पुरते.

हवेचे काम समजून घ्यायला पुस्तकाआधी तासगाव किंवा कवठे महांकाळच्या बाजूला जाऊन बेदाण्याची शेड पाहावी. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढलेली द्राक्षे एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरलेली असतात. वर छप्पर असते आणि बाजू मोकळ्या असतात. वारा एका बाजूने शिरतो, द्राक्षातला ओलावा उचलतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. ढगाळ हवेत वारा पडला की माल वेळेत सुकत नाही आणि काळवंडू लागतो. चारी बाजूंनी ताडपत्री बांधून आत पंखे सोडले तर बेदाणा होईल काय, असे कोणत्याही बागायतदाराला विचारा, तो हसेल. मात्र हाच बागायतदार घरी आल्यावर दारे-खिडक्या लावून खोलीच्या कोपऱ्यात कूलर सुरू करतो आणि घाम येतो म्हणून कंपनीला बोल लावतो.

कूलरचा धंदा आपल्या दोन जिल्ह्यांत मोठा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करू. कूलर हवा थंड करतो तो पाण्याची वाफ करून. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता हवेतून खेचली जाते. तासाला सव्वापाच लिटर पाणी उडाले तर साधारण एक टनाच्या एसीएवढी उष्णता निघते. पण ती वाफ हवेतच राहते. ती हवा खोलीतून बाहेर गेली नाही तर कूलर तीच दमट हवा पुन्हा ओढतो. काही वेळाने पाणी उडेनासे होते, गारवा संपतो आणि चिकचिक उरते. म्हणून कूलरचे तोंड आत आणि पाठ बाहेर, हा पहिला नियम. खिडकीत किंवा गॅलरीत बसवलेला कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या कूलरला ती मिळत नाही.

दुसरा नियम मापाचा. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोलीत १,२०० घनफूट हवा असते. कूलरने ही हवा दोन मिनिटांत एकदा बदलावी असा ठोकताळा आहे, म्हणजे या खोलीला मिनिटाला ६०० घनफूट हवा देणारा कूलर हवा. एवढीच हवा बाहेरही पडली पाहिजे. तिचा वेग मिनिटाला ५०० फुटांच्या आसपास ठेवायचा तर सव्वा चौरस फूट मोकळी जागा लागते. चार फूट उंचीच्या खिडकीचा पल्ला चार इंच उघडला की हे काम झाले. ही खिडकी कूलरच्या समोरच्या बाजूला असावी. कूलरशेजारचीच खिडकी उघडली तर गार हवा दोन पावले चालून बाहेर पळते आणि पलीकडच्या कोपऱ्यातला माणूस तसाच तळमळतो.

यातून एक उपयोगी युक्ती निघते. बाहेरच्या खोलीतल्या कूलरची हवा आतल्या खोलीत न्यायची असेल तर बाहेरच्या खोलीच्या खिडक्या बंद ठेवाव्यात, मधले दार उघडावे आणि फक्त आतल्या खोलीची खिडकी थोडी उघडावी. हवेला जायला दुसरी वाट नसल्याने ती आपोआप तिकडे वळते. दुपारी बैठकीकडे आणि रात्री निजायच्या खोलीकडे, अशी एकाच यंत्राची हवा फिरवता येते. गिऱ्हाइकाला ही गोष्ट अगरबत्तीच्या धुराने दाखवावी. धूर दाराकडे सरकताना दिसला की त्याची खात्री पटते आणि दुसरा कूलर विकत घेण्याचे त्याचे पैसे वाचतात. दुकानदाराची एक विक्री बुडते हे खरे. मात्र असे गिऱ्हाईक पुढची सगळी खरेदी त्याच दुकानात करते.

जागा पाहून माल सुचवणे हेही याच विद्येत येते. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत एप्रिलच्या दुपारी तापमान ३८ अंश आणि हवेतील आर्द्रता २० टक्के असेल तर चांगला कूलर साधारण २५-२६ अंशांची हवा देऊ शकतो. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर जेमतेम तीन अंश उतरवतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे आणि कोयनेच्या खोऱ्यात पावसाळ्यात कूलर खपविणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरात ओल विकत देणे होय.

कोरड्या तालुक्यांत पाण्याचाही हिशेब सांगितला पाहिजे. वरच्या खोलीतला कूलर भर उन्हाळ्यात आठ तास चालला तर पन्नास लिटरच्या घरात पाणी उडते. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत हे पाणी लहान नाही. शिवाय बोअरचे पाणी जड असते. पाणी उडते, क्षार मागे राहतात, गवताच्या जाळ्यांवर पांढरा थर चढतो आणि हवेची वाट बंद होते. पंप चालू, पंखा चालू आणि हवा मात्र निम्मी, ही तक्रार बहुधा याच थराची असते. टाकीतले पाणी अधूनमधून पूर्ण काढून टाकावे आणि हंगामाच्या सुरुवातीला गवत बदलावे.

आता एसीकडे वळू. इथे कारागिराची परीक्षा जास्त कठीण आहे, कारण गिऱ्हाइकाला आतले काही दिसत नाही. एक टन एसीला कॉइलवरून मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा फिरावी लागते. जाळी धुळीने बुजली, ब्लोअरच्या पात्यांवर मळी चढली किंवा समोर पडदा आला की हे प्रमाण घसरते. कॉइलला पुरेशी उष्णता मिळत नाही, तिचे तापमान शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फाने उरलीसुरली वाटही बंद होते. गिऱ्हाईक घाबरून सांगते, "मिस्त्री, आत बर्फ झालाय आणि हवाच येत नाही." गॅस कमी असला तरी बर्फ होतो आणि हवा कमी असली तरीही होतो. गेजवरचा कमी दाबसुद्धा दोन्ही वेळा सारखाच दिसू शकतो. इथेच अर्धे कारागीर फसतात, आणि काही जाणूनबुजून फसवतात.

फरक ओळखण्याची रीत सोपी आहे. आधी यंत्र बंद करून बर्फ पूर्ण वितळू द्यावा. जाळी काढून नळाखाली धुवावी, वाळवावी आणि बसवावी. यंत्र सुरू करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. मग एक थर्मामीटर हवा आत ओढली जाते तिथे आणि दुसरा गार हवा बाहेर पडते तिथे धरावा. फरक आठ ते बारा अंश असेल आणि झोत जोरदार असेल तर यंत्र ठीक आहे. फरक पंधरा अंशांवर गेला पण झोत मरतुकडा असेल तर दोष हवेच्या वाटेत आहे, ब्लोअर आणि कॉइल साफ करावी लागेल. झोत जोरदार पण फरक चार-पाच अंशच असेल तर मात्र गॅस, कॉम्प्रेसर किंवा बाहेरच्या युनिटकडे वळावे. दमट दिवसात यंत्राची बरीच शक्ती हवेतले पाणी काढण्यात खर्च होते, त्यामुळे फरक थोडा कमी दिसतो. तेवढी सूट द्यावी.

गॅसबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बंद केल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. "दरवर्षी गॅस भरावाच लागतो" असे सांगून धंदा करणारे आहेत. गिऱ्हाईक आता शहाणे झाले आहे. असा धंदा फार दिवस टिकत नाही आणि ती कमाईही सचोटीची म्हणता येत नाही. शिवाय आजच्या यंत्रांतला आर-३२ हा गॅस थोडा पेट घेणारा आहे आणि आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. त्यामुळे बंद खोलीत टॉर्च पेटवून सांधा मारण्याची जुनी सवय सोडली पाहिजे. गॅस रीतसर काढून घ्यावा, खिडक्या उघडाव्यात आणि मगच हातात टॉर्च घ्यावा.

बाहेरच्या युनिटचीही वाट असते, याचा विसर फार पडतो. बाजारपेठेत दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात सात-आठ युनिटे समोरासमोर टांगलेली दिसतात. एकाने सोडलेली गरम हवा दुसरे पिते. सगळ्यांचेच बिल वाढते आणि ऐन दुपारी कॉम्प्रेसर तापून बंद पडतात. युनिटच्या मागे किमान वीतभर जागा आणि पुढे दोन-तीन फूट मोकळी हवा पाहिजे. सावली मिळावी म्हणून काही जण युनिटला चारी बाजूंनी पत्र्याची पेटी करतात. वर छप्पर जरूर करावे, पेटी करू नये.

एसीच्या खोलीत छताचा पंखा लावू नये असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. पंखा खोली थंड करत नाही, पण अंगावरची हवा हलवून घाम सुकवतो, आणि खाली साचलेली गार हवा सगळीकडे सारखी करतो. मंद पंखा लावून एसी २६ अंशांवर ठेवला तर २३-२४ अंशांइतकेच बरे वाटते. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात स्टार लेबल असलेल्या खोलीच्या एसींचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवण्याचा नियम झाला. एक अंश वाढविला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचे सांगणे आहे.

मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव. तिथे काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा तो फिरवत राहतो. वीस रुग्ण बसलेल्या प्रतीक्षागृहात एकाचा खोकला सगळ्यांच्या वाट्याला येतो. अशा ठिकाणी ताजी हवा आत घेण्याची आणि वापरलेली बाहेर टाकण्याची वेगळी सोय डॉक्टरांना सुचवावी, वीज थोडी जास्त गेली तरी चालेल. मिरजेचीच दुसरी ओळख असलेल्या सतार-तंबोऱ्याच्या दुकानांत झोत थेट वाद्यांवर येणार नाही असे बसवावे. कोरड्या झोताने भोपळा आणि लाकूड तडकण्याचा धोका असतो.

मोठ्या घरांत आणि दुकानांत डक्टची कामे निघतात. तिथे गोल नळीचे एकच गणित पाठ असू द्या : व्यास निम्मा केला की जागा पाव होते. बारा इंची नळीऐवजी सहा इंची दोन नळ्या टाकल्या तर हवेची वाट निम्मीच राहते. तेवढीच हवा त्यातून ढकलायची तर वेग दुप्पट आणि अडथळा निदान चौपट होतो. मग पंखा ओरडतो आणि शेवटच्या खोलीत काहीच पोहोचत नाही. नरम नळी ताणून टाकावी आणि वळण गोलाईने द्यावे. परतीच्या हवेची जाळी विसरू नये. दार लावल्यावर त्या खोलीची हवा परत येण्याची वाटच बंद होत असेल तर दाराखाली फट ठेवावी किंवा दारात जाळी बसवावी.

येथवरच्या चुका पैशाच्या आहेत. थंडीच्या दिवसांतली चूक जिवावर बेतते. पूर्वी अंगणात तांब्याचा बंब पेटे आणि त्याचा धूर आकाशात जाई. आता बंबाची जागा गॅस गिझरने घेतली, आणि तो थेट न्हाणीघरात शिरला. लहान गिझर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस जळायला १२ ते १४ घनमीटर हवा लागते. चार बाय पाच फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात हवा असते साडेचार घनमीटर. म्हणजे दार-खिडकी लावून दहा मिनिटे आंघोळ केली तर खोलीतल्या हवेच्या निम्मी हवा एकट्या गिझरला लागते. प्राणवायू कमी पडू लागला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला धरून ठेवते. डोके जड होते, पाय लटपटतात आणि कडी काढायचीही शक्ती राहत नाही.

हळदीचे पेव माहीत असलेल्या सांगलीकरांना बंद हवेचा धोका नवा नाही. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिके ती हवाबंद राहिल्यामुळे. (२००५ च्या महापुरात यांतील अनेक पेवांत पाणी शिरले.) पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, काही तास ते उघडे ठेवायचे आणि आधी कंदील खाली सोडून पाहायचा, ही जुन्या हमालांची रीत होती. कंदील विझला तर आत माणूस जगणार नाही. मात्र ही परीक्षा न्हाणीघरात लावू नये. दिवा प्राणवायू आहे की नाही एवढेच सांगतो. कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारण्याइतका झाला तरी दिवा नीट जळत राहू शकतो.

म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या गॅलरीत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी न्यावी. गिऱ्हाईक कितीही म्हणाले, "भाई, आतच लावून टाका, नळीचा खर्च कशाला," तरी ऐकू नये. काम गेले तरी चालेल. आधीच आत बसवलेला असेल तर तो बाहेर काढण्याचा आग्रह धरावा. तोवर एक झडप वर आणि एक जमिनीलगत, दोन्ही कायम उघड्या राहतील अशा कराव्यात, बादली दार उघडे ठेवून भरावी आणि गिझर बंद करून मगच आंघोळ करावी. जमिनीलगतची झडप गळालेल्या गॅससाठीही लागते, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. एक्झॉस्ट पंखा लावला म्हणजे प्रश्न मिटला असे समजू नये. आत येणाऱ्या हवेची सोय नसेल तर पंखा गिझरचाच धूर उलटा खोलीत ओढतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत खोली लावून कोळशाची शेगडी उशाशी ठेवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. कोणी बेशुद्ध सापडले तर दार उघडावे, गॅस बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि प्राणवायूची सोय असलेल्या दवाखान्यात तातडीने न्यावे.

आता धंद्याचे थोडे. आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा कोर्स केलेल्या मुलाने हंगामाआधी, जानेवारी-फेब्रुवारीतच, "हवेची तपासणी" म्हणून वेगळे काम सुरू करावे. पाहणीची फी वेगळी सांगावी आणि दुरुस्तीची वेगळी, म्हणजे फी वसूल करण्यासाठी खोटा दोष काढण्याची पाळी येत नाही. जमेल तेव्हा हवेचा वेग मोजणारे छोटे मीटर घ्यावे. एक फूट बाय एक फूट तोंडातून सेकंदाला तीन मीटर वेगाने हवा येत असेल तर ती मिनिटाला सुमारे ५९० घनफूट झाली. हे गणित गिऱ्हाइकासमोर करून दाखवले की फीबद्दल घासाघीस फारशी होत नाही.

प्रत्येक यंत्राच्या बाजूला एक जाड कागदाचे कार्ड चिकटवावे. त्यावर तारीख, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान, जाळी कधी धुतली, गॅसला हात लावला की नाही आणि लावला तर गळती कुठे सापडली, एवढे लिहावे. पुढच्या वर्षी तुम्ही जा किंवा दुसरा कोणी कारागीर जावो, त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल. कार्डावर आपला फोन नंबर लिहायला विसरू नये.